जुन्या खेळाडूंची कार्डं: आधी संघ निवडा, मग खरेदी करा

साकीनाक्याच्या चौकातून खैरानी रोडला वळलं की भंगार, पुठ्ठा, प्लॅस्टिक आणि रद्दीची दुकानं सुरू होतात. घर बदलणारी, पोरं मोठी झालेली कुटुंबं गोणीच्या गोणी इथे रिकाम्या करतात. गाइडं, जुने दिवाळी अंक, कॅसेटची कव्हरं यांच्यात कधीतरी रबरबँड लावलेला ट्रम्प कार्डांचा गठ्ठा निघतो. वर कपिल, खाली रिचर्ड्स, मध्ये कोपरा उडालेला श्रीकांत. जुन्या क्रिकेटवर जीव असलेला माणूस तो गठ्ठा आहे तसा उचलतो, घरी नेतो, आणि पुढच्या महिन्यात दुसरा आणतो. वर्षभरात दोन खोके भरतात, पण संग्रह काही होत नाही.

कार्ड जमवणं सोपं असतं, सोडणं अवघड. चाळीतल्या दहा बाय पंधराच्या खोलीत किंवा चांदिवलीच्या वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्याला तर ते सोडणं शिकावंच लागतं. कारण जागा आणि पैसा दोन्ही मोजकं आहे. निवृत्त झालेल्या थोर खेळाडूंची कार्डं जमवायची असतील तर क्रम असा ठेवा: आधी खेळाडू ठरवायचे, मग त्यांची कोणती कार्डं चालतील ते ठरवायचं आणि खरेदी शेवटी. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

निवृत्तच का, आणि निवृत्त कोणाला म्हणायचं?

निवृत्त खेळाडूचे आकडे हलत नाहीत. सुनील गावसकर म्हणजे १२५ कसोटी, १०,१२२ धावा, ३४ शतकं. यात आता एका धावेचीही भर पडणार नाही. चालू खेळाडूच्या कार्डाचा भाव एका शतकाने चढतो आणि एका दुखापतीने उतरतो. त्या चढउतारात पैसे लावणं हा वेगळा उद्योग आहे. निवृत्तांच्या बाबतीत बाजार बराच शांत असतो आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो.

पण रेषा आधी आखून घ्या. बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा जून २०२४मध्ये आंतरराष्ट्रीय टी-ट्वेंटीतून आणि मे २०२५मध्ये कसोटीतून निवृत्त झाला, तेव्हा एकदिवसीय क्रिकेट त्याने सोडलेलं नव्हतं. त्याला तुमच्या यादीत घ्यायचं की नाही? सोपा नियम म्हणजे सगळ्या प्रकारांतून निवृत्ती झाली असेल तरच प्रवेश. मी त्याला आणखी एक अट जोडेन: निवृत्तीनंतर पाच वर्षं गेलेली असावीत. अमेरिकेत कूपरस्टाउनच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये जायलाही साधारण तेवढंच थांबावं लागतं. निरोपाच्या भाषणांचा आवाज बसला की खेळाडू खरा केवढा होता ते दिसू लागतं.

अकरा जागांचा नियम

'दिग्गज' हा शब्द फार सैल आहे. सैल शब्दावर संग्रह उभा केला की तो फुगतो. म्हणून जागा ठरवा. अकरा खेळाडू आणि एक बारावा. त्यातही खऱ्या संघासारखा समतोल हवा: दोन सलामीवीर, मधली फळी, अष्टपैलू, यष्टिरक्षक, निदान एक वेगवान गोलंदाज, फिरकीवाले. ही अट घातली नाही तर बारापैकी दहा जण फलंदाजच होतात, कारण कार्ड छापणाऱ्यांनाही फलंदाजच आवडतात.

नमुना म्हणून निव्वळ मुंबईचा एक संघ मांडतो. सलामीला गावसकर आणि विजय मर्चंट. मर्चंट यांच्या वाट्याला कसोटी दहाच आल्या, पण प्रथम श्रेणीतली त्यांची सरासरी ७१.६४ आहे. तिसरे अजित वाडेकर, १९७१मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांनाही त्यांच्या घरी हरवणारे कर्णधार. त्यांना कर्णधारपद मिळालं तेव्हा निवड समितीचे अध्यक्ष मर्चंट होते आणि त्यांचं निर्णायक मत वाडेकरांच्या बाजूने पडलं होतं. त्यामुळे ही दोन कार्डं शेजारी आली की त्यांच्यातून एक गोष्ट उभी राहते. चौथा सचिन तेंडुलकर. पाचवे पॉली उम्रीगर, कसोटीत द्विशतक काढणारे पहिले भारतीय; १९५५मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. सहावे विनू मंकड, १९५६मध्ये मद्रासला पंकज रॉय यांच्यासोबत ४१३ धावांची सलामी देणारे आणि कसोटीत १६२ बळी घेणारे. सातवे एकनाथ सोलकर. २७ कसोटींत ५३ झेल, तेही बहुतेक फलंदाजाच्या नाकासमोर उभं राहून, शिरस्त्राणाशिवाय. यष्टीमागे नरेन ताम्हाणे. वेगवान गोलंदाज रमाकांत देसाई, चणीने लहान, पण २८ कसोटींत ७४ बळी. लेगस्पिनर सुभाष गुप्ते, ३६ कसोटींत १४९ बळी. आणि अकरावे पद्माकर शिवलकर, प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि कसोटी एकही नाही. बाराव्या जागी डायना एडलजी, ज्यांना आयसीसीने २०२३मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

यादी वाचताना तुमच्या मनात पहिला प्रश्न आला असेल तो वेंगसरकरांचा. लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशी तीन शतकं काढणारा माणूस बाहेर कसा? आणि बापू नाडकर्णी, ज्यांनी १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग २१ षटकं निर्धाव टाकली? हा प्रश्न छळायलाच हवा. वेंगसरकर हवे असतील तर कोणाला तरी काढा आणि का काढलं ते एका ओळीत लिहा. त्या ओळीतूनच तुमचा संग्रह तुमचा होतो.

मुंबईचा संघ नको असेल तर इतर सूत्रं आहेत. १९८३च्या विश्वविजेत्या चमूतले मुंबईकर पाच: गावसकर, वेंगसरकर, संदीप पाटील, रवी शास्त्री आणि बलविंदरसिंग संधू. पाचच कार्डं, पण प्रत्येकाचं त्या काळातलं शोधायचं म्हटलं तर काम पुरून उरेल. १९७१च्या वेस्ट इंडीज दौऱ्याचं सूत्र घेतलं तर गावसकरांच्या ७७४ धावांइतकंच महत्त्व मडगावच्या दिलीप सरदेसाईंच्या ६४२ धावांना द्यावं लागतं. १९५८-५९ ते १९७२-७३ या सलग पंधरा रणजी विजेतेपदांचं सूत्र घेतलं तर कसोटी न खेळलेली कितीतरी नावं समोर येतात. सूत्र कोणतंही चालेल. मात्र ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. दोन वाक्यं लागली तर अजून ठरलेलं नाही असं समजा.

कार्डांचे चार प्रकार, आणि प्रत्येकाचं वजन

खेळाडू ठरले की दुसरा प्रश्न: त्यांचं कोणतं कार्ड?

पहिला प्रकार समकालीन कार्डांचा, म्हणजे खेळाडू खेळत असताना छापलेल्या. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत बिग फन बबलगमबरोबर येणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांची पिढीच्या पिढी आहे. त्यांवर धावा आणि बळी छापलेले असत आणि ते जमवून बक्षीस मिळवायचं असे. पाठोपाठ शाळेच्या बाकाखाली खेळली जाणारी ट्रम्प कार्डं आली. १९९९च्या विश्वचषकाला ब्रिटानियाच्या बिस्किटपुड्यांवर धावा आल्या आणि शंभर धावांसाठी घरोघरी पुडे फुटले. परदेशात नव्वदच्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या फ्युटेरा कंपनीची क्रिकेट कार्डं निघाली. हे सगळं त्या-त्या काळात मुलांच्या हातात फिरलेलं आहे, म्हणून संग्रहाचा कणा इथेच असावा.

दुसरा प्रकार नंतर छापलेल्या 'लेजंड्स' कार्डांचा. निवृत्त खेळाडूचा जुना फोटो, चकचकीत कागद, कधी सोनेरी क्रमांक. दिसायला ती देखणी असतात आणि मिळायला सोपी. पण ती खेळाडूच्या काळाची नाहीत, त्याच्या आठवणीच्या बाजारासाठी काढलेली आहेत. प्रत्येक खेळाडूमागे असं एखादं पुरे.

तिसरा प्रकार सिगारेट कार्डांचा. इंग्लंडमध्ये विल्स कंपनीने १८९६मध्ये क्रिकेटपटूंचा ५० कार्डांचा संच काढला. जॉन प्लेयर कंपनीने १९३०, १९३४ आणि १९३८मध्ये पन्नास-पन्नासचे संच दिले. १९४०मध्ये युद्धकाळातल्या कागदटंचाईने हा प्रकार तिथे थांबला. तुमचं सूत्र जुन्या काळात शिरत असेल तरच इकडे वळा.

चौथा प्रकार म्हणजे कार्ड नसलेल्यांसाठीचा पर्याय. ताम्हाणे, देसाई, गुप्ते यांच्या उमेदीच्या काळात आपल्याकडे कार्डांची चाल नव्हती. एकोणिसशे अकराच्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणारे पालवणकर बाळू तर त्याच्याही आधीचे. अशा खेळाडूंसाठी दौऱ्याची स्मरणिका, सामन्याचं तिकीट, छापील धावफलक, संदीप पाटील संपादक असलेल्या 'एकच षटकार'सारख्या अंकातलं पान हे सगळं चालवून घ्या. टपाल तिकिटं हा तर सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग. १९७३मध्ये रणजितसिंहजींवर तिकीट निघालं. १९९६च्या मालिकेत दि. ब. देवधर, सी. के. नायडू, विजय मर्चंट आणि विनू मंकड यांची चार तिकिटं आली. नोव्हेंबर २०१३मध्ये सचिनच्या दोनशेव्या कसोटीच्या दिवशी दोन तिकिटं आणि त्यांची लघुपत्रिका निघाली. तिकिटावर वर्ष छापलेलं असतं, त्यामुळे वादच राहत नाही. मात्र कार्डं आणि हे पर्याय यांचे अल्बम वेगळे ठेवा.

कार्डाचं वय त्याच्या पाठीवर असतं

आपल्या ट्रम्प कार्डांवर छपाईचं वर्ष क्वचित सापडतं. विकणारा मात्र 'एकदम जुनं, नाइंटीजचं' असं ठामपणे सांगतो. त्याच्याशी वाद घालू नका, कार्ड उलटा.

सचिनच्या कार्डावर कसोटीतली सर्वोच्च धावसंख्या १७९ असेल तर ते डिसेंबर १९९४च्या नागपूर कसोटीनंतरचं. २१७ असेल तर १९९९च्या अहमदाबाद कसोटीनंतरचं. २४१ नाबाद असेल तर जानेवारी २००४च्या सिडनीनंतरचं आणि २४८ नाबाद असेल तर त्याच वर्षीच्या डिसेंबरमधल्या ढाक्यानंतरचं. एकदिवसीयमध्ये १८६ नाबाद हा आकडा नोव्हेंबर १९९९मध्ये आला आणि २४ फेब्रुवारी २०१०ला २०० नाबादने तो पुसला. गठ्ठ्यात ब्रायन लारा असेल तर काम आणखी सोपं. ३७५ म्हणजे एप्रिल १९९४नंतर, ४०० नाबाद म्हणजे एप्रिल २००४नंतर. कपिलच्या नावापुढे ४३४ बळी असतील तर १९९४च्या आधीचं ते असूच शकत नाही. गावसकरांच्या कार्डावर १०,१२२ दिसलं तर ते मार्च १९८७नंतर, म्हणजे त्यांची कसोटी कारकीर्द संपल्यावर छापलेलं.

एक पथ्य पाळा. आकड्यावरून कार्ड कधीच्या आधीचं नाही एवढंच नक्की कळतं. जुने आकडे तसेच ठेवून नंतर छापणारेही असतात. म्हणून दुसरी खूण जुळवून पाहा. भारतीय संघाच्या जर्सीवर विल्स दिसत असेल तर फोटो साधारण नव्वदच्या दशकातला, सहारा असेल तर २००१ ते २०१३मधला. पत्त्यात 'बॉम्बे' असेल तर बहुधा १९९५च्या आधीचं. पाकिटावर जीएसटी क्रमांक असेल तर जुलै २०१७नंतरचं, मग विकणारा काहीही म्हणो. दोन खुणा एकमेकींशी जुळल्या तर विश्वास ठेवा, भांडल्या तर अलीकडचं वर्ष खरं धरा.

गठ्ठा पूर्ण असेल तर एकेकट्या कार्डापेक्षा त्याची साक्ष मोठी. सगळ्या कार्डांवरचे आकडे मिळून छपाईचं वर्ष बरंच नेमकं निघतं. म्हणून गठ्ठ्यातून आपली दोन कार्डं काढून घेण्याआधी बाकीच्यांचे आकडे वहीत उतरवा.

अस्सल ओळखायचं तर छापखान्याला विचारा

साकीनाक्यातल्या औद्योगिक वसाहतींमध्ये छपाई, लॅमिनेशन, डाय-कटिंगचे गाळे आहेत. तिथला माणूस दहा मिनिटांत तुम्हाला जे दाखवेल ते पुस्तकात वाचून कळायचं नाही. जुनं ऑफसेटचं काम भिंगाखाली धरलं की चार रंगांच्या ठिपक्यांची एकसारखी फुलं दिसतात. घरच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ती घडी दिसत नाही. शाईचे विस्कटलेले कण किंवा पावडरचे चमकदार थर दिसतात. मूळ कार्डावरून स्कॅन करून पुन्हा ऑफसेटवर छापलं असेल तर बारीक अक्षरं मऊ होतात, कारण मुळात एकाच रंगात छापलेलं काळं अक्षर आता ठिपक्यांचं बनलेलं असतं. म्हणून चेहऱ्यापेक्षा आधी बारीक अक्षर बघा.

कागदही बोलतो. बऱ्याच साध्या कार्डांचा पुठ्ठा एका बाजूने पांढरा आणि मागून करडा असतो. त्याच कार्डाची दुसरी प्रत दोन्हीकडून पांढऱ्या आर्ट कार्डावर आली तर शंका घ्या. कडा डायने कापलेली असेल तर सगळ्या कार्डांचे कोपरे एकाच गोलाईचे असतात, कात्रीने कापलेले असतील तर अंगठ्याला कळतं. सिगारेट कार्डांसाठी दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा कामी येतो. कागद उजळ दिसण्यासाठी घातली जाणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. १९३४चं म्हणून दिलेलं कार्ड त्या दिव्याखाली निळसर झगझगलं तर ते १९३४चं नव्हे.

सहीच्या कार्डांबाबत तर जास्तच कडक राहा. हयात नसलेल्या खेळाडूची सही म्हणजे विचारायला कोणी उरलेलं नाही. सही कोणी, कुठे, कधी घेतली हे सांगता आलं नाही तर ती सही नाही असं समजून साध्या कार्डाचेच पैसे द्या.

याच गाळ्यांमुळे एक मोह होतो. ताम्हाण्यांचं कार्ड मिळत नाही ना, मग फोटो घेऊन छापून घेऊ. जरूर घ्या, अल्बमातली रिकामी जागा भरेल. पण मागे पक्क्या शाईने 'घरी छापलेलं' आणि वर्ष लिहा, आणि ते कधीही विकू नका. आज तुम्ही गंमत म्हणून केलेलं कार्ड वीस वर्षांनी कोणाला तरी अस्सल म्हणून विकलं जातं. नकली कार्डांचा बाजार असाच भरतो.

चांगलं कार्ड म्हणजे किती चांगलं?

परदेशी संग्राहक चार गोष्टी बघतात: कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का. आपल्या कार्डांना आणखी चार दुखणी असतात. वहीत डिंकाने चिकटवलेली पाठ, स्टेपलरची भोकं, बॉलपेनने लिहिलेलं मालकाचं नाव, आणि डब्याच्या तेलाचा डाग. यांतलं डिंक आणि तेल सहसा सुधारत नाही, उलट पसरतं. पेनाने लिहिलेलं नाव मात्र मी दोष मानत नाही. मुलांनी खेळलेलं कार्ड त्याच्या खुणांसकट खरं असतं. पण पाठीवरचे आकडे वाचता येत नसतील तर सोडून द्या, कारण मग वयाचा पुरावाच गेला.

अमेरिकेत पीएसएसारख्या कंपन्या कार्ड तपासून एक ते दहा गुण देतात आणि कडक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करतात. आपल्या ट्रम्प कार्डासाठी पाठवण्याचा खर्च, विमा, सीमाशुल्क धरलं तर तो सहसा कार्डापेक्षा जड होतो. फार दुर्मीळ परदेशी कार्ड हाती असेल आणि ते विकायचंच असेल तरच त्या वाटेला जा.

बेसबॉलकडून दोन धडे

किमतीचा विषय निघाला की लोक बेसबॉलचे आकडे फेकतात. मिकी मँटलचं टॉप्स कंपनीचं १९५२चं कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, हे खरं. पण ते का गेलं? त्या वर्षीच्या कार्डांचा न खपलेला साठा कंपनीने पुढे समुद्रात बुडवला, अशी आठवण कंपनीच्याच साय बर्जर यांनी सांगितलेली आहे. उरली ती मुलांनी वापरून झिजवली. होनस वॅगनरचं १९०९च्या सुमाराचं तंबाखू कंपनीचं कार्ड तर त्याच्याच हरकतीमुळे छपाईतून मागे घेतलं गेलं आणि आज मोजकीच शिल्लक आहेत. भाव चढला तो कार्डं नष्ट झाल्यामुळे.

दुसरा धडा उलटा आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत सगळ्यांनाच वाटलं की कार्डं म्हणजे पोरांच्या कॉलेजचा खर्च. कंपन्यांनी ढिगाने छापली, लोकांनी पाकिटं न फोडता कपाटात रचली. सगळ्यांनीच जपल्यामुळे काहीच दुर्मीळ राहिलं नाही आणि ती खोकी आजही कवडीमोलाने विकली जातात.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. आज 'लिमिटेड एडिशन' म्हणून विकलं जाणारं पाकीट गुंतवणूक म्हणून घेऊ नका. किती छापली याचा क्रमांक कार्डावर नसेल तर ते मर्यादित नाही. आणि बबलगमच्या कागदासारखी, जपून ठेवायची कोणाला बुद्धीच झाली नाही अशी वस्तू स्वस्तात दिसली तर सोडू नका. भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विकली गेलेली बघा. 'सचिनचं पहिलं कार्ड' असा दावा आला तर आणखी सावध व्हा. अमेरिकेत कुठल्या खेळाडूचं पहिलं कार्ड कोणतं याच्या छापील याद्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपल्या बबलगम आणि ट्रम्प कार्डांची तशी सर्वमान्य यादी नाही, त्यामुळे 'पहिलं' हे बहुधा विकणाऱ्याचंच मत असतं.

शोध कुठे घ्यायचा

सुरुवात घराजवळच करा. खैरानी रोड, जरीमरी, असल्फा इथल्या दोन-तीन रद्दीवाल्यांना तुमची यादी तोंडी सांगून ठेवा आणि कार्डं निघाली तर गठ्ठा न फोडता बाजूला ठेवायला सांगा. रद्दीच्या भावापेक्षा थोडं जास्त द्या, म्हणजे पुढच्या वेळी ते स्वतः फोन करतील. नातेवाइकांच्या माळ्यांवरही बरंच पडलेलं असतं; मात्र तिथून आणताना ज्याचं बालपण त्या डब्यात आहे त्याला विचारून आणा.

शुक्रवारचा चोरबाजार आणि फोर्टातले जुनी नाणी-तिकिटं विकणारे हा दुसरा टप्पा. तिथे घासाघीस चालते, पण तुम्हाला काय हवंय हे चेहऱ्यावर दिसू देऊ नका. खरेदीआधी डोळा तयार करायचा असेल तर साकीनाक्याहून मेट्रोने एक स्थानक मरोळ नाका आणि तिथून मेट्रो-३ने चर्चगेट गाठा. वानखेडेवर मुंबई क्रिकेट संघटनेचं संग्रहालय आहे. पुण्याला जाणं झालं तर सहकारनगरचं ब्लेड्स ऑफ ग्लोरी संग्रहालय बघा. अस्सल जुनी बॅट, जुना कागद, जुनी शाई यांची सवय डोळ्याला झाली की नकली आपोआप खटकू लागतं.

पावसाळ्यात टिकवायचं तर

मुंबईत कार्डांचा खरा शत्रू जुलै आहे. पुठ्ठा ओल पितो, वाकतो, मग बुरशी. त्यावर लोक जो उपाय करतात तो रोगापेक्षा वाईट: लॅमिनेशन. गल्लीत दहा-वीस रुपयांत होतं म्हणून कार्ड लॅमिनेट करून आणू नका. उष्णता आणि गोंद कायमचा बसतो आणि संग्राहकाच्या लेखी ते कार्ड संपतं. रबरबँड काढून टाका, त्याने कडा दबतात आणि तो वितळून चिकटतो.

प्रत्येक कार्डाला पॉलिप्रॉपिलीनचा पातळ खिसा घ्या. पीव्हीसीचा घेऊ नका, तो काही वर्षांनी चिकट होऊन शाई ओढतो. नऊ खिशांची पानं असलेला अल्बम उभा ठेवा, आडवे थर रचू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात महिन्याला बदला. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ कागदात बसते आणि काही प्लॅस्टिकलाही खाते. ट्यूबलाइटखाली किंवा खिडकीसमोर फ्रेम लावली तर रंग उडतात. भिंतीवर लावायची तर रंगीत झेरॉक्स लावा.

जागा उंचावरची. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीकाठच्या वस्त्यांमधल्या पलंगाखालच्या पेट्यांचं काय झालं ते इथल्या जुन्या लोकांना सांगायला नको. तळमजल्यावर राहत असाल तर बॉक्स बेड विसरा. कपाटाचा वरचा कप्पा, पण गळक्या पत्र्यापासून आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर.

वही, महिन्याची रक्कम आणि थांबायची जागा

एक वही घाला. प्रत्येक कार्डासमोर खेळाडू, प्रकार, अंदाजे वर्ष आणि तो अंदाज कशावरून, कुठून घेतलं, किती रुपयांना. सोबत मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो. यामुळे दुहेरी खरेदी टळते. आणि उद्या तुमच्यामागे मुलांनी तो डबा उघडला तर तो थेट रद्दीत जात नाही, कारण आत काय आहे ते लिहिलेलं असतं.

महिन्याची रक्कम ठरवा आणि ती उरली तर पुढे न्या. वर्षातून एखादं महाग कार्ड त्यातून घेता येतं. पहिल्या महिन्यात मात्र काहीच खरेदी करू नका. संघ लिहा, तो दोन क्रिकेटवेड्या मित्रांना दाखवा, भांडा, बदला. डबल आलेली कार्डं अदलाबदलीला वापरा. सूत्रात न बसणारी पण आवडलेली कार्डं एका पाकिटात ठेवा आणि वर्षाच्या शेवटी त्यांचा निकाल लावा: संघात जागा द्या किंवा ज्याला हवीत त्याला देऊन टाका.

बारा जागा भरल्या की दोनच कामं उरतात. खराब प्रतीच्या जागी चांगली प्रत आणायची, किंवा नवा खेळाडू घ्यायचा असेल तर जुन्याला वगळायचं. तेरावी जागा काढायची नाही. हा नियम जाचक वाटेल त्या दिवशी वाडेकरांना काढून वेंगसरकरांना घेऊन बघा. हात अडखळला तर निवड बरोबर होती. अडखळला नाही तर बदल करा आणि वहीत कारण लिहा.